ए-लेव्हलला रिलिजस स्टडीज घेतलंय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या मराठी घरात दहावीच्या वयाची मुलगी 'मी आरएस (रिलिजस स्टडीज) घेणार' म्हणाली की आजी विचारते, "म्हणजे बायबल शिकणार?" बायबल आहेच, पण प्लेटो, ह्यूम, कान्ट, बेंथम आहेत, आणि इच्छामरणही. भाचीची सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे ए-लेव्हलच्या अभ्यासाची (आपल्या अकरावी-बारावीसारखी) दोन वर्षं मी तिच्या वह्या वाचत काढली. त्यातून जमलेलं हे.

गोंधळ निवडीपासूनच सुरू होतो. 'फिलॉसॉफी' हा वेगळा ए-लेव्हल आहे. पण काही शाळा रिलिजस स्टडीजलाच 'फिलॉसॉफी अँड एथिक्स' म्हणतात. तेव्हा पाटीवरचं नाव सोडा, बोर्ड कोणतं आणि अभ्यासक्रम काय ते विचारा. 'हिंदू धर्म आपला, तोच घेऊ' हेही मनातून काढा. कोणता धर्म शिकवायचा ते शाळा ठरवते, आणि बहुतेक ठिकाणी तो ख्रिस्ती असतो.

गुण जातात ते मात्र निबंधात. ओसीआर बोर्डाचे पेपर तीन, प्रत्येकी दोन तासांचे. चारांतले तीन निबंध लिहायचे, प्रत्येकी ४० गुण. त्यातले माहितीला १६ आणि युक्तिवादाला २४. आपली मुलं घोकून घोकून १६ साठी चार पानं भरतात आणि शेवटच्या दोन ओळींत 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' म्हणून मोकळी होतात.

भाचीने मॉकला (सराव परीक्षेत) कान्टवर लिहिलं होतं: 'सगळेच खोटं बोलू लागले तर समाज बिघडेल, म्हणून खोटं बोलू नये.' वाचायला ठीक वाटतं, पण हा कान्ट नव्हे. 'समाज बिघडेल' म्हणजे परिणाम मोजणं झालं, ते परिणामांवरून योग्य-अयोग्य ठरवणाऱ्या बेंथमच्या दुकानातलं. कान्टचं उदाहरण असं: परत करायचे नाहीत हे ठाऊक असूनही 'परत करीन' म्हणून पैसे उसने घ्यायचे. हाच सगळ्यांचा नियम झाला, तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही. वचन नावाची गोष्टच उरणार नाही, मग खोटं वचन तरी कसं देणार? नियम स्वतःच स्वतःला खातो. दोष या विसंगतीत आहे. हे समजलं की टीकेलाही धार येते. 'तुझा मित्र कुठे लपलाय?' विचारत दारात आलेल्या खुन्यालाही खोटं सांगायचं नाही म्हणणारा कान्ट तुम्हाला पटतो का? नाही, तर का नाही? तिथून पुढे २४ गुण.

टीका नोंदवून थांबणं हीसुद्धा चूकच. देवाच्या व्याख्येवरूनच देव आहे असं सिद्ध करू पाहणारा अॅन्सेल्मचा युक्तिवाद मांडला, गॉनिलोने 'मग परिपूर्ण बेटही असलंच पाहिजे' हे उदाहरण देऊन तो खोडायला पाहिला, पुढचा परिच्छेद. अरे, पण जमलं का त्याला? अॅन्सेल्मने त्याला उत्तर दिलं होतं. ते कुठे गेलं? आपल्याकडे शास्त्रीपंडित आधी पूर्वपक्ष जोरकस मांडायचे, मगच खंडन करायचे. तीच रीत इथे चालते. फक्त 'कान्ट चुकला असं मी कोण म्हणणार?' हा संकोच दाराबाहेर ठेवायचा.

स्वतःला तपासायची सोपी युक्ती: प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य अधोरेखित करा आणि फक्त तेवढीच वाक्यं सलग वाचा. प्रश्नाचं उत्तर पुढे सरकताना दिसलं पाहिजे. भाचीच्या त्या मॉकमध्ये सहापैकी चार वाक्यं कान्टच्या चरित्रातली निघाली.