कोल्हापुरात भाड्यानं घर घेताय? ढेकूण, वाळवी आणि करारातली एक ओळ

लातूर-नांदेडकडून गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला किंवा विद्यापीठात शिकायला येणारी आपली मुलं घर बघताना भाडं, डिपॉझिट आणि पाण्याची वेळ एवढंच विचारतात. गादी उचलून कुणी बघत नाही. मग महिन्याभरात अंगावर लाल चट्टे उठतात आणि आम्हाला फोन येतात.

घर दिवसा बघा, तरी मोबाइलची बॅटरी लावाच. पलंग-गादी मालकाची असेल तर गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे तपासा. शाईचे टिपके पडल्यासारखे बारीक काळे डाग दिसले की ढेकूण आहेत असं समजा. पेठांमधल्या जुन्या घरांत लाकूड भरपूर. चौकट किल्लीनं ठोकून बघा. आवाज पोकळ आला किंवा भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली, तर ती वाळवी. नदीच्या बाजूचं घर असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा. ओल मुरलेल्या भिंतीला वाळवी लवकर लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करारात एक छापील वाक्य असतं: ‘सदर जागा सुस्थितीत ताब्यात मिळाली.’ ते न वाचता सही करू नका. राजारामपुरीत राहिलेल्या आपल्याकडच्या एका मुलानं अशीच सही केली. ढेकूण मालकाच्या पलंगातले होते. त्यानं स्वतःच्या पैशानं फवारणी केली, रोख दिले, पावती घेतली नाही. खोली सोडताना ‘ढेकूण तूच आणलेस’ म्हणून गादीचे पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. दाखवायला त्याच्याकडे एक फोटोही नव्हता. म्हणून ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आणि करारात लिहून घ्या: ‘ताब्यापूर्वी पेस्ट कंट्रोल मालक करून देतील; वाळवी, उंदीर-घुशी व आधीपासूनच्या ढेकणांचा बंदोबस्त मालकाच्या खर्चाने होईल.’

कायदा आहे ना, असं मुलं म्हणतात. आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात उलट काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची वाजवी मुदत दिल्यावरही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. तुमचा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी; त्यात तुम्ही कागदोपत्री भाडेकरू नसता. शिवाय कलमात दुरुस्ती आहे, ढेकूण नाहीत. वाळवीनं खाल्लेली चौकट दुरुस्तीत बसवता येते, ढेकूण-झुरळांवर वाद होतो. म्हणून करारात पेस्ट कंट्रोलची ती ओळ हवी. लिव्ह अँड लायसन्सचा करारही नोंदवून घेणं ही याच कायद्याच्या कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी आहे, तेही बजावून सांगा. रागानं भाडं मात्र थांबवू नका, थकबाकीदार ठरलात की तुमची बाजू लंगडी पडते.

आपली माणसं इथं फार दबून राहतात. ‘मालक चांगला आहे, कशाला वाईटपणा?’ म्हणत सहा महिने चावून घेतात. इथला मालक चढ्या आवाजात बोलतो, ‘पावसाळ्यात एवढं असतंयच की!’ म्हणतो, पण तो भांडत नसतो, त्याची बोलण्याची रीतच तशी. समोर बसून सरळ सांगा. बहुतेक जण ऐकतात, आणि एकदा हो म्हटलं की शब्दही पाळतात. बोलणं झालं की तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा.

ढेकणांची फवारणी एकदा करून भागत नाही. अंडी वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी लागते. शेजारच्या खोल्याही त्याच वेळी कराव्या लागतात, आणि ते फक्त मालकच करवून घेऊ शकतो. झुरळांना मारायचं जेल लावलं की पुरतं. बाहेरची गटार तुंबली असेल तर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा.

आणि गावाकडून धान्यात ठेवायची गोळी आणून ढेकणांसाठी खोलीत कधीही ठेवू नका. दमट हवेत तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेलं माणूस त्यानं मरतं, आणि त्यावर उतारा नाही. कुणी सुचवलं तर त्यालाही अडवा, शेजारच्या खोलीत ठेवली असेल तर दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.