आयएल-१ बीटाचा १७ केडीएचा पट्टा दिसेना, तेव्हा

आयएल-१ बीटा हे दाह वाढवणारं प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) शोधत होतो. उंदराच्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींच्या लायसेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून मिळालेल्या द्रवात, ३१ केडीएचं (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं एकक) न कापलेलं प्रो-रूप ठसठशीत, १७ला मात्र कोरं. दोष अँटिबॉडीचा नव्हता. नुसत्या एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातला घटक) प्रो-रूपच बनतं. ते कापायला कॅस्पेस-१ हे विकर जागं व्हावं लागतं. म्हणून ४ तास एलपीएस, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. मग कॅस्पेस-१ जागं करायला ५ मिलिमोलर एटीपी, ४५ मिनिटं. एटीपीचं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच ७.४ला आणूनच घाला.

कापलेला तुकडा पेशीबाहेर, माध्यमात जातो. एटीपीआधी सीरमविरहित माध्यम घातलं, नाहीतर सीरममधलं अल्ब्युमिन जेलमधली लेन फुगवतं. प्रथिनं मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने वेगळी केली. दोन थरांमधला पांढरा पापुद्रा पिपेटमध्ये ओढला गेला की नमुना गेलाच. १५ टक्क्यांचं जेल आणि ०.४५ऐवजी ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ पडदा, कारण मोठ्या छिद्रांतून इतकं लहान प्रथिन आरपार निसटतं. अँटिबॉडी कापलेलं रूप ओळखते का, हे माहितीपत्रकात आधीच बघा.