नवा लॅपटॉप आला की पहिल्या संध्याकाळी

माझं काम भाषांतराचं. दिवसाचे आठ-नऊ तास बोटं कीबोर्डवरच असतात. म्हणून नवा लॅपटॉप आला की पहिली संध्याकाळ मी फक्त त्याची घडी बसवण्यासाठी ठेवते. तुम्हीही ठेवा. पुढचं सगळं विंडोज ११ धरून सांगतेय.

सुरुवात क्लिपबोर्डपासून, म्हणजे कॉपी किंवा कट केलेलं तात्पुरतं जिथे राहतं त्या जागेपासून. एकदा एका फाइलमधून मी मोठा परिच्छेद कट केला, फाइल सेव्ह करून बंद केली आणि दुसरीकडे पेस्ट करण्याआधी सवयीने भलताच शब्द कॉपी केला. दोन तासांचं काम गेलं. तेव्हापासून विंडोजचं बटण आणि व्ही ही जोडी मी सगळ्यांना शिकवते. पहिल्यांदा दाबल्यावर 'टर्न ऑन' येईल, ते करा. मग शेवटच्या २५ गोष्टी तिथे रांगेत दिसतात. हवी ती निवडली की पेस्ट होते. रोज लागणारा मजकूर, उदाहरणार्थ आपला पत्ता, पिन करून ठेवा. बाकीचं रीस्टार्टला पुसलं जातं, पिन केलेलं राहतं. पासवर्ड कॉपी केला असेल तर मात्र तो तिथून लगेच डिलीट करा.

मग मराठी. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथे भाषा म्हणून मराठी घ्या आणि तिच्या पर्यायांत 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड जोडा. रोमन अक्षरांत जसं उच्चारतो तसं टाइप करायचं, शब्द देवनागरीत उमटतो. विंडोज आणि स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल. आठवडाभरात हात बसतो.

फिंगरप्रिंट असेल तर दोन्ही हातांचं एकेक बोट नोंदवा. एका बोटाला पट्टी बांधलेली असली तरी अडत नाही.

आता चार्जिंग, कारण इथे लोक हमखास चुकतात. यूएसबी-सी पोर्ट दिसायला सारखे असले तरी प्रत्येकातून चार्जिंग होतंच असं नाही. पोर्टशेजारची खूण किंवा माहितीपुस्तिका बघा. चार्जर हातात घेऊन 'आउटपुट'ची बारीक ओळ वाचा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार ६५ वॅट. तुमच्या लॅपटॉपला किती लागतात ते त्याच्या मूळ चार्जरवर कळतं. केबलही तपासा. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वाहते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. जास्त हवे असतील तर ५ अँपिअरची केबल घ्या. चार्जर भारी आणि केबल साधी, मग 'चार्जिंग हळू होतंय' ही तक्रार येणारच.

लॅपटॉप सतत प्लगला लावून काम करत असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढा.

झोपण्यापूर्वी एवढं कराच: बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे आतल्या माहितीला जणू कुलूप लागतं. एखाद्या दुरुस्तीनंतर मशीन ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागू शकतं, आणि ती नसेल तर आतल्या फाइल्स उघडत नाहीत. आपल्या खात्यात ती सापडते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, ते छापून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.