टीचरला काय द्यायचं? (आणि "नको" म्हटल्यावर कुठे थांबायचं)

थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) उलटलं की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "इथे टीचरला ख्रिसमसला काय देतात गं?" आणि त्याखाली चाळीस उत्तरं, प्रत्येक उत्तर दुसऱ्याला खोडणारं. मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टरच्या जवळ राहते (स्पेलिंग बघून वॉर्सेस्टर म्हणू नका, इथले लोक गालातल्या गालात हसतात), 2014 च्या ऑगस्टमध्ये आलो तेव्हा मुलगी सेकंड ग्रेडला होती आणि सांगायला कोणी नव्हतं. त्यामुळे एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वर्षी कोणी विचारलं की हेच पाठवायचं.

आधी माझा गाढवपणा. पहिलाच डिसेंबर, सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा, सगळी पोरं छोट्या छोट्या पिशव्या घेऊन शाळेत चाललेली. मी म्हटलं आपण मागे का राहायचं. भारतातून येताना लग्नामुंजीला द्यायची ती पाकिटं आणली होती ना, लाल, गणपतीवाली, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, त्यात पन्नास डॉलरची कोरी नोट घातली आणि मुलीच्या दप्तरात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पाकीट मुलीच्या टेक-होम फोल्डरमधून परत. त्यावर पिवळी चिठ्ठी, की इतकं छान पाकीट, खूप आभार, पण मला हे घेता येत नाही, फक्त वरचं नाणं वर्गातल्या नकाशाजवळ लावायला ठेवून घेऊ का?

आता आपल्याकडे काय असतं सांगा. पाहुणा पहिल्यांदा "नको नको" म्हणतोच, तो म्हणणारच, आणि आपण "असं कसं, घ्यायलाच पाहिजे" म्हणून ताटात वाढायचंच. मला वाटलं बाई संकोच करतायत, किंवा रोख पैसे बरे दिसत नाहीत, किंवा (हे नवऱ्याचं मत) कमी पडले. म्हणून मी ईमेल लिहिली की आमच्या संस्कृतीत गुरूला दिलेलं परत घेत नाहीत, आणि परवाच्या दिवशी पंचाहत्तर डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवलं. म्हणजे पन्नास परत आले म्हणून पंचाहत्तर! त्या दुपारी प्रिन्सिपलचा फोन आला. ऑफिसमध्ये त्यांनी मला अगदी गोड बोलून समजावलं की पब्लिक स्कूलची (इथे पब्लिक म्हणजे सरकारी शाळा) टीचर सरकारी कर्मचारी धरली जाते, आणि तिने मर्यादेबाहेरची भेट घेतली तर अडचणीत ती येते, मी नाही. मी आपली सॉरी सॉरी करत बाहेर आले. कार्ड दुकान परत घेईना, त्यातून नवऱ्याचे स्नो बूट आले. पण खरं नुकसान ते नाही. ती बाई जूनपर्यंत माझ्याशी जपून बोलायला लागली. मार्चच्या पॅरेंट-टीचर कॉन्फरन्सला पंधरा मिनिटं दार उघडं ठेवून, घड्याळाकडे बघत. मुलीला ऐकू कमी येतं की लक्ष नसतं हे मला त्या दिवशी विचारायचं होतं, ते राहून गेलं.

म्हणून पहिली गोष्ट, आणि बाकी काही वाचलं नाही तरी चालेल: आग्रह करू नका. इथलं "नको" म्हणजे नको. तीनदा विचारल्यावर हो होत नाही, उलट तीनदा विचारणारा माणूस संशयास्पद वाटायला लागतो.

आता नियम. मॅसॅच्युसेट्समध्ये एका पालकाकडून पब्लिक स्कूलच्या टीचरला पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. "किंवा" नीट वाचा, म्हणजे बरोब्बर पन्नाससुद्धा नाही (माझी कोरी नोट!). आणि एकावन्नचा शकुन तर विसराच. दिवाळीला वीस, ख्रिसमसला वीस, जूनमध्ये वीस अशी चलाखीही करू नका, एकाच घरातून आलेल्याची बेरीज धरतात. दुसरा रस्ता वर्गाच्या वर्गणीचा: सगळ्या वर्गातर्फे वर्षाला मिळून दीडशे डॉलरपर्यंत देता येतं, पण कोणी दिले आणि कोणी किती दिले हे टीचरला कळता कामा नये, नुसतं "वर्गातर्फे" असं लिहायचं. आणि ज्यांनी त्या वर्गणीत पैसे घातले त्यांनी वर स्वतःची वेगळी भेट द्यायची नाही. हे आपल्या लोकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. रूम पॅरेंटला (वर्गातर्फे वर्गणी गोळा करणाऱ्या पालकाला) व्हेन्मोवर, म्हणजे पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर, दहा डॉलर टाकतात आणि शिवाय "आपलं म्हणून काहीतरी" वेगळं पाठवतातच! प्रायव्हेट स्कूलला हा कायदा लागू नाही, तिथे शाळेचे स्वतःचे नियम असतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियावाल्यांनी माझे आकडे घेऊ नका, शाळेच्या ऑफिसला सरळ विचारा, कोणी हसत नाही.

कधी द्यायचं? ख्रिसमसच्या सुट्टीआधी, मे महिन्याच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात टीचर अप्रिशिएशन वीक असतो तेव्हा, आणि जूनमध्ये शाळा संपताना. तिन्ही वेळा द्यायची गरज नाही, एकदा पुरे. पाच सप्टेंबरला इथे काही नसतं. कॉन्फरन्सला जाताना हातात पिशवी नको, ते फार वाईट दिसतं.

मग द्यायचं काय. कॉफीचे मग नको, सेंटेड मेणबत्त्या नको, हँडलोशन नको, "बेस्ट टीचर" लिहिलेलं काहीही नको. वर्गात वीस-बावीस मुलं, बाईने पंधरा वर्षं शिकवलं असेल तर मगचा हिशोब तुम्हीच करा. घरात पडलेली फेरेरोची डबी, कोणीतरी आपल्याला दिलेली शाल फिरवायची सवय इथे चालवू नका. मी एका ओळखीच्या बाईंना लक्ष्मीरोडवरची सिल्कची ओढणी अमेरिकन टीचरला देताना पाहिलंय, आत पुण्याच्या दुकानाची पावती तशीच. दहा-पंधरा डॉलरचं डंकिनचं (कॉफी-डोनटवाल्यांचं) गिफ्ट कार्ड मात्र चालतंच चालतं, ही कंपनी इथलीच, 1950 मध्ये क्विन्सीला सुरू झाली, आणि या राज्यात सकाळी ज्याच्या हातात तो ग्लास नाही असा माणूस विरळा, बाहेर बर्फ पडत असतो आणि हे लोक आइस कॉफी पीत असतात. नाहीतर टार्गेट या मोठ्या दुकानाचं कार्ड. कार्ड काउंटरवर अ‍ॅक्टिव्हेट झालंय का ते बघा, पावती जपून ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे वर्गाला लागणारं सामान. इथे टीचर स्वतःच्या खिशातून किती सामान आणतात हे कळलं तेव्हा मला धक्का बसला होता. सरकार त्यासाठी टॅक्समध्ये सूट देतं, ती 2022 मध्ये 250 वरून 300 डॉलर केली, त्यातून वर्षभराचे टिश्यूसुद्धा निघत नसतील. व्हाइटबोर्डचे मार्कर (स्वस्तातले नको, दोन दिवसांत सुकतात), ग्लू स्टिक, टिश्यूचे डबे, क्लोरॉक्स वाइप्स (बाकं पुसायचे जंतुनाशक ओले कागद), टोक काढलेल्या पेन्सिली. टोक काढलेल्याच आणा, वर्गातलं शार्पनर कायम बिघडलेलं असतं. फेब्रुवारीत, सगळी पोरं शेंबडी असताना, चार टिश्यूचे डबे पाठवा, डिसेंबरच्या कुठल्याही गिफ्टपेक्षा जास्त दुवा मिळतो. फक्त वर्गात वापरायचं सामान ही टीचरची वैयक्तिक भेट धरत नाहीत, त्यामुळे तिथे पन्नासची धास्ती नाही. बऱ्याच टीचरांची अ‍ॅमेझॉनवर विश लिस्ट असते, बॅक-टू-स्कूल नाइटला (शाळा सुरू झाल्यावर पालकांना वर्गात बोलावतात ती संध्याकाळ) लिंक मागून घ्या. वर्गाच्या लायब्ररीसाठी पुस्तक दिलंत तर आतल्या पानावर मुलाचं नाव आणि वर्ष लिहा.

खाण्याचं लांबण लावावंच लागेल, कारण आपला जीव तिथेच अडकतो. घरचे बेसनाचे लाडू, चकली, शंकरपाळी, कितीही मायेने केले तरी टीचरला घरून पाठवू नका. ज्याचं स्वयंपाकघर पाहिलं नाही त्याच्या हातचं खाताना इथे बरेच लोक बिचकतात, आणि अ‍ॅलर्जीची भीती खरी आहे, कित्येक वर्गांच्या दारावर शेंगदाणे, काजू, बदाम आत आणू नका अशी पाटी असते. काजूकतलीचा डबा म्हणजे त्या पाटीवर बॉम्ब. आणि संक्रांतीला तिळगूळ वाटायचा उत्साह असेल तर ऐका, तीळ इथल्या कायद्याने मुख्य अ‍ॅलर्जीच्या यादीत नववे आहेत, 1 जानेवारी 2023 पासून. माझ्या शेजारणीने त्याच जानेवारीत वर्गात वाटायला हलव्याच्या पुड्या पाठवल्या आणि सगळ्याच्या सगळ्या संध्याकाळी परत, वर नर्सची चिठ्ठी. "गोड बोला" म्हणायला गेली आणि नर्सशी बोलावं लागलं. शाळेनेच टीचरांच्या लंचसाठी डिश मागितली तर मात्र जरूर न्या, समोसे दहा मिनिटांत संपतात, फक्त बाजूला कागदावर काय काय घातलंय ते सगळं लिहा, तिखट आहे हेही, आणि "थोडं तिखट" असं लिहू नका, आपलं थोडं त्यांना झेपत नाही.

सगळ्यात वर पत्र. हे मला उशिरा कळलं. कार्डमध्ये आईने लिहिलेलं "थँक यू फॉर एव्हरीथिंग" नको, मुलाने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं, आणि एकच खरी गोष्ट. त्या पाकिटाच्या भानगडीनंतर जूनमध्ये मी काहीच पाठवायचं नाही असं ठरवलं होतं, मुलीने आपलंच लिहिलं, "मला वर्गात उलटी झाली तेव्हा तुम्ही सगळ्यांना खिडकीबाहेरची खार बघायला लावलं, थँक यू." मी म्हटलं अगं हे काय लिहितेस, दुसरं काहीतरी लिही, ती ऐकेना. चार वर्षांनी धाकटा त्याच बाईंच्या वर्गात गेला, बॅक-टू-स्कूल नाइटला मी भिंतीकडे बघते तर कपाटाच्या दाराला आतून ते पत्र टेपने लावलेलं, आणि नकाशाजवळ भारताच्या शेजारी आपला एक रुपया. बाई माझ्याकडे बघून हसल्या. मग मी पण हसले, काय करणार.

तुम्हाला जमलं तर टीचरचं कौतुक करणारी चार ओळींची ईमेल प्रिन्सिपलला पाठवा आणि टीचरला सीसी करा. फुकट आहे, आणि त्याला कुठली मर्यादा नाही.

आपल्यातल्या काहींना वाटतं मोठी भेट दिली की मुलाकडे जास्त लक्ष देतील. मला एकाने सरळ विचारलंय, "एमकॅसला काही उपयोग होतो का हो?" अहो, ती राज्याची परीक्षा आहे, पेपर टीचर तपासत नाही! कोणाच्या डोक्यात असलं काही असेल तर कृपा करून डोक्यातच ठेवा.

वर्गात मदतीला असणाऱ्या पॅराप्रोफेशनल बाईंना विसरू नका, टीचरला वीस भेटी मिळतात आणि त्यांना दोन. बसचा ड्रायव्हर, क्रॉसिंग गार्ड, नर्स यांना पाच डॉलरचं कॉफी कार्ड आणि मुलाच्या हातची चिठ्ठी, बास.

आणि पाकिटावर मुलाचं नाव आडनावासकट लिहा. आमच्या धाकट्याच्या वर्गात तीन आरव होते, आणि बाईंनी थँक यू कार्ड तिघांनाही पाठवलं, कारण कोणता आरव ते कळेना.