धुऱ्यावर आपसूक उगवलेला बिब्बा

आमचं शेत किनवट तालुक्यात, डोंगराला लागून. सात वर्षांमागं तुरीच्या धुऱ्यावर एक रोप दिसलं. मोहाचं समजून मी पान खुडलं, चोळून वास घेतला. मोठी माय लांबून ओरडली, "अरे बाबा, बिब्बा हाय तो!" तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी पापणी सुजून डोळा बंद.

तरी झाड राखलं. गोडंबीचा, म्हणजे बिब्ब्याच्या बीतल्या गराचा, भाव बाजारात विचारून बघा म्हणजे कळेल का ते.

उपटून दुसरीकडं लावायचा नाद सोडा. आंबा-काजूच्या कुळातलं झाड हे, सोटमूळ खोल जातं. ते तुटलं की रोपानं मान टाकलीच समजा. मुरमाड, निचऱ्याची जागा असेल तर निम्मं काम झालं. काळ्या रानात पाणी तुंबत असेल तर पावसाआधी उताराकडं चर काढा.

पहिले दोन उन्हाळे जपले. मडक्याच्या बुडाला भोक पाडून सुती चिंधीची वात ओवली, रोपापासून हातभर लांब मडकं गळ्यापर्यंत पुरलं, आठवड्यातून दोनदा भरलं. वर सोयाबीनचं भुसकट. भोवती तुराट्या रोवल्या, नाहीतर औत वळताना रोप गेलंच असतं. शेजारच्या पिकात तणनाशक मारताना वारा बघून मारा.

शिमग्याच्या सुमारास पानं झडून नुसत्या काड्या राहतात. वाळलं की काय म्हणून नखानं साल खरवडायची सवय असेल तर इथं हात आवरा. चीक आधी फिकट असतो, वारा लागला की काळा पडतो. बिब्ब्याच्या याच काळ्या रसानं परीट कपड्यावर खूण करायचे. ती धुतली तरी जात नसे, मग कातडीचं काय होईल?

छाटणी वाळक्या फांदीपुरतीच. बाह्या लांब, हातमोजे, वर खोबरेल चोपडलेलं. तोडलेली फांदी चुलीत घालू नका, धूरसुद्धा बाधतो. चीक लागलाच तर तोंडाला हात न लावता साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेला तर धुऊन थेट दवाखाना.

आमच्याला अजून फळ नाही. बिब्ब्यात नर-मादी झाडं बहुतेकदा वेगळी असतात. हा नर निघाला तर लाडवात गोडंबी विकतचीच. म्हणून यंदा ओढ्याकाठची दोन रोपंही राखलीत. मडकी पुरून झालीत, तुराट्या रोवायच्या राहिल्यात.