नवीन लागलेल्या शिक्षकांसाठी: वर्गात एकच मोबाइल असला तरी काय काय जमतं (सोलापूरचा अनुभव)

पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, नवीन लागलेली पोरं-पोरी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, वर्गात कोणतं ॲप वापरू?" आणि माझं उत्तर पण ठरलेलंय, की आधी सांग तुझी तिसरीतली पोरं नेमकी कुठं अडलीत. जोडाक्षराला अडखळतात, का फडाफडा वाचतात पण कळत काहीच नाही, का हातच्याच्या वजाबाकीत घोळ आहे? हे सांगता आलं तर ॲप दोन मिनिटात सापडतं. नाही सांगता आलं तर वीस ॲप टाकून नुसता मोबाइल गरम होतो, आणि आपल्या सोलापुरात एप्रिलमध्ये तो तसाही गरमच असतो.

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्याआधी शहरात पूर्व भागात शिकवलंय. खालचं सगळं लिहिताना गृहीत धरलंय की तुमच्याकडे तुमचा स्वतःचा एक स्मार्टफोन आहे, शाळेत लोकसहभागातून आलेला टीव्ही असला तर असला, आणि नेटचा भरवसा नाही. टॅबवाल्या शाळेत लागला असाल तर नशीबवान आहात, पण यातलं बरंचसं तिथं पण चालेल.

सोलापुरात पहिला पेपर भाषेचा असतो बघा. घरात तेलुगू, कन्नड, दखनी, कुठं लमाणी, आणि शाळेत एकदम पुस्तकी मराठी. पोरगं गप्प बसलं की नवीन शिक्षकाला वाटतं याला येत नाही, त्याला येत असतं ओ, फक्त त्या भाषेत येत नसतं. डिसले गुरुजींचं नाव सगळ्यांना माहितीय, माढा तालुक्यातली परितेवाडीची शाळा, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर आणि त्यातले अर्धे इतर फायनलिस्टना वाटून टाकले. पण लोकांच्या डोक्यात फक्त क्यूआर कोड बसलाय. त्या पोरांची भाषा कन्नड होती म्हणून गुरुजींनी पुस्तकातला मजकूर पोरांच्या भाषेत आणला, आणि कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळायच्या, व्हिडिओ, गोष्टी मिळायच्या. माझ्या मते खरी गोम त्या भाषेत आहे, कोड हा नुसता दरवाजा.

हेच काम छोट्या प्रमाणात कुणालाही करता येतं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे पोरांच्या गोष्टींची वेबसाइट, 2015 पासून आहे, फुकट आहे, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्यात गोष्टी आहेत आणि पीडीएफ उतरवून ठेवता येते. खुल्या परवान्यावर असल्यामुळे प्रिंट काढा, वाटा, भाषांतर करा, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं. गोष्टींना चार पातळ्या असतात, तर चौथीच्या पोरांना सरळ चौथी पातळी द्यायची असा नियम नाही, मी बिनधास्त पहिलीपासून सुरू करते, चित्रं चांगली असली की कुणाला कमीपणा वाटत नाही. आता मराठी माध्यमाच्या पोराला तेलुगू लिपी येत नसते, त्यामुळे नुसती तेलुगू पीडीएफ ग्रुपवर टाकून उपयोग नाही. मी काय करते, एकच गोष्ट दोन्ही भाषेत शोधायची, घरात कुणी तेलुगू वाचणारं असेल, बऱ्याचदा आजोबा असतात, त्यांच्याकडून व्हॉइस नोट मागवायची, वर्गात आधी ती ऐकवायची आणि मग तीच गोष्ट मराठीत वाचायची. गोष्ट आधीच कळलेली असल्यामुळे पोरं शब्दांकडं बघतात, अर्थ शोधण्यात दमत नाहीत. आणि आजोबांचा आवाज वर्गात लागला की त्या पोराची मान जी ताठ होते ना, ते कुठल्या ॲपमध्ये नाही!

वाचनाच्या सरावाला गुगलचं रीड अलाँग. पोरगं मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, चुकलं तर तो शब्द दाखवतं, चांदण्या देतं. गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की नेटशिवाय चालतं. पण पूर्ण वर्गात गोंगाटात हे लावू नका, त्याला काही ऐकू येत नाही आणि पोरगं बरोबर वाचत असून चूक दाखवतं, मग ते हिरमुसतं. व्हरांड्याच्या टोकाला एकेकाला पाच मिनिटं पाठवायचं, बाकीच्यांना वहीत काम. चांदण्यांवर पण जाऊ नका, चांदण्या गोळा करण्यात तरबेज झालेली पोरं पाठ्यपुस्तक समोर धरलं की गप्प होतात, असं होतं. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाचं वाचन आपल्या कानानं ऐकायचंच.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपबद्दल थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकातला कोड दीक्षा ॲपमधूनच स्कॅन करा, आणि कोड फाटला किंवा पुसला असेल तर त्याच्याखाली सहा अक्षरी कोड छापलेला असतो तो टाइप केला तरी चालतं, हे अनेकांना माहितीच नसतं. व्हिडिओ रात्री घरी डाउनलोड करून ठेवायचे, शाळेत येऊन गोल गोल फिरणारं चक्र बघत बसायचं नाही. आणि लावायच्या आधी स्वतः पूर्ण बघा, काही फार छान आहेत, काही नुसती भाषणं आहेत. दहा मिनिटांच्या व्हिडिओतली कामाची दोन मिनिटं लावायची, थांबवायचं, "आता पुढं काय होईल?" विचारायचं. सलग व्हिडिओ लावून हजेरीपट भरत बसणारे पण आहेत आपल्यात, असो.

गणितात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फेटचा, म्हणजे स्क्रीनवर स्वतः हलवून बघायच्या गणित-विज्ञानाच्या सिम्युलेशनचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं काम आहे, 2001 मध्ये नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेलं, मराठीत पण आहे आणि सिम्युलेशन उतरवून ठेवलं की ऑफलाइन चालतं. अपूर्णांकात आपल्या पोरांचं दुखणं एकच, एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, का तर चार तीनपेक्षा मोठे. मी आधी डब्यातली कडक भाकरी घेते. ती मोडली की तुकडे कधीच सारखे होत नाहीत, आणि तेच पाहिजे असतं! चार तुकडे झाले, मग हा एक तुकडा पाव भाग का? अर्धा वर्ग हो म्हणतो, अर्धा नाही, जुंपते चांगली. समान भाग म्हणजे काय हे तिथं निघतं. त्यानंतर स्क्रीनवर वर्तुळाचे तीन भाग करा, चार करा, सहा करा, तुकडा लहान होत जाताना डोळ्यानं दिसतो. हा क्रम उलटा केला तर पोरं नुसतं बोटानं रंग भरत बसतात. भाकरी शेवटी खायची, शेंगाची चटणी असेल तर उत्तम.

चाचणीसाठी प्लिकर्स. पोरांकडे मोबाइल नसला तरी चालतो म्हणून हे मला आवडतं. प्रत्येकाला एक काळी-पांढरी नक्षी छापलेलं कार्ड, त्याच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून धरायचं, आपण मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते लगेच कळतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही जमत नाही. कार्ड फुकट मिळतात, जाड कागदावर प्रिंट काढा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड त्यावर पडला की कॅमेरा वाचत नाही. याला मात्र नेट लागतं, हॉटस्पॉटचा जुगाड करा. आणि निकाल टीव्हीवर नावानिशी दाखवू नका. तो आपल्यासाठी आहे, उद्या कुणाला जवळ बसवायचं हे ठरवायला.

कहूतवर, म्हणजे त्या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळावर, नवीन लोक फार खूश असतात. मी पहिली-दुसरीला वापरत नाही, जो पटकन दाबेल त्याला जास्त गुण असा तो खेळ आहे, आणि ज्याला वाचायलाच वेळ लागतो ते पोरगं प्रश्न संपायच्या आत हरलेलं असतं. चौथी-पाचवीला गटात, वेळ वाढवून, कधीतरी ठीक आहे.

घरच्या अभ्यासाचं गणित वेगळं. घरातला मोबाइल वडिलांबरोबर कारखान्यावर नाहीतर यंत्रमागावर जातो, आई विड्या वळत असते, रात्री मोबाइल घरी येतो तोवर पोरगं झोपलेलं. म्हणून मी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकत नाही, एक मिनिटाची व्हॉइस नोट टाकते, आणि त्याच रात्री उत्तर पाहिजे असं म्हणत नाही. रविवारपर्यंत कधीही. आईला लिहिता येत नसेल तर बोलून उत्तर चालतं, हे पहिल्याच पालकसभेत सांगून टाका.

आता एआयवाले पण झालेत सगळे. वर्कशीट बनवायला चांगलं आहे, वेळ वाचतो, पण मराठी बघून घ्या, वाक्यं हिंदीच्या वळणाची निघतात, आणि शाब्दिक गणिताचं उत्तर स्वतः सोडवून तपासा. पोरांच्या हातात मात्र देऊ नका, चॅटजीपीटीच्या नियमातच किमान वय 13 आहे. कुठल्याही ॲपवर पोरांची नावं टाकताना पूर्ण नाव नको, हजेरी क्रमांक टाका. फोटोचं पण तेच, 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, त्यामुळे जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच साध्या कागदावर सही घेऊन ठेवा, मी ते प्रवेश अर्जालाच पिन करते.

मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की टीव्हीचं काम पहिल्या दोन तासातच उरकून घ्या, पत्र्याच्या खोलीत नंतर टीव्ही पण बसत नाही आणि पोरं पण.