राळेची जीवाणूरोधक चाचणी: वलय उमटत नव्हते तेव्हा

गुग्गुळ या राळेच्या अर्काभोवती आगरच्या (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) थाळीत जीवाणूंची वाढ थांबल्याचे वलय उमटत नव्हते. पण राळेतील तेलकट घटक पाणीदार आगरमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे वलय नाही म्हणून गुण नाही, हा निष्कर्ष मला अन्यायाचा वाटला. म्हणून अर्क डायमिथाइल सल्फॉक्साइड या विद्रावकात विरघळवून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, द्रव माध्यमात, टप्प्याटप्प्याने निम्मा विरळ करत नेला आणि विद्रावकाचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवले. राळेने माध्यम गढूळ होऊन वाढ दिसेनाशी होते. ही अडचण रेझाझुरिनने सुटली, कारण जिवंत जीवाणू हा निळा रंग गुलाबी करतात. काही अर्क मात्र जीवाणू नसतानाही स्वतःच रेझाझुरिनचा रंग बदलतात. त्यामुळे जीवाणूंविना केवळ अर्काचे, तसेच जीवाणूंसह केवळ विद्रावकाचे खळगे ठेवणे मी अनिवार्य मानतो.